पाकळ्यांच्या गोलाईवरचे कोपरे असे गेले

गोधडीवर ॲप्लिकच्या, म्हणजे वेगळ्या कापडातून कापून वर शिवायच्या, पाकळ्या लावताना काठ आत दुमडला की गोलाईवर हमखास बारीक कोपरे उठत आणि टाके कितीही जवळ घातले तरी फूल कुरतडल्यासारखे दिसे. दोष टाक्यांत नव्हताच. बाहेरच्या गोलाईवर आत वळणारे कापड जास्त होते आणि त्याच्याच चुण्या पडत होत्या. मग मी दुमडीसाठी जेमतेम 5 मिलिमीटर काठ ठेवून त्यावर बारीक धावदोरा घातला, आत पुठ्ठ्याची पाकळी ठेवून दोरा ओढला, इस्त्री फिरवली आणि कापड गार झाल्यावरच पुठ्ठा काढला (घाई केली की दुमड उलगडते, हे दोनदा भोगले आहे). देठाजवळच्या आतल्या वळणावर मात्र कापड उलट अपुरे पडते, म्हणून तेथे काठाला कात्रीने छोटे छेद दिले.