छोट्या हट्टी कुत्र्याला घरात पॅडची सवय कशी लावायची

कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. मोठं कुत्रं भिजत का होईना, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतं. पॉमेरियन, शित्झू, पग किंवा डॅशहंड मात्र जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून मागे फिरतं आणि घरात आल्यावर सोफ्यामागे शू करतं. ताराबाई पार्कात किंवा राजारामपुरीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी पॅड, म्हणजे कुत्र्याने शू-शी करायला जमिनीवर अंथरायचा, ओल शोषणारा, वापरून टाकायचा तुकडा, हा सोयीचा मार्ग आहे. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी तर तोच सुरक्षित, कारण पार्व्होसारखा (पिल्लांना जीवघेणा ठरणारा विषाणूचा) आजार रस्त्यावरच्या मातीतून येतो आणि पिल्लाचे डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालू असतात.

छोट्या कुत्र्याला 'हट्टी' म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. त्याची शू दोन-चार चमचेच असते. दिवाणाखाली ती वाळून जाते, चार दिवसांनी वास येतो, तेव्हा कुठे घरच्यांना कळतं. तोवर त्याच जागी दहा वेळा झालेलं असतं आणि कुत्र्याच्या लेखी ती जागा ठरून गेलेली असते. आपण ज्याला हट्ट म्हणतो ती ही न दिसता पक्की झालेली सवय. म्हणून सगळी मेहनत एकाच गोष्टीवर लावायची: निदान तीन आठवडे पॅड सोडून दुसरीकडे करायची संधीच त्याला मिळू द्यायची नाही.

आधी तपासणी

आधी नीट असलेलं कुत्रं एकाएकी घाण करू लागलं, थोडी थोडी शू वारंवार करू लागलं, करताना कुंथू लागलं, लघवीत लाली दिसली किंवा पाणी नेहमीपेक्षा जास्त पिऊ लागलं, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा खडा असेल तर शिकवण्याचा काही उपयोग नाही. नर ताण देऊनही शू करू शकत नसेल तर त्याच दिवशी न्या. उद्यावर ढकलण्यासारखी ती गोष्ट नाही.

सामान आणि जागा

पॅड ६० × ९० सेंटिमीटरचा घ्या. ४५ × ६० चा स्वस्त पडतो, पण कुत्रं बसण्याआधी गोल फिरतं, त्यात मागचे पाय बाहेर जातात आणि शू फरशीवर पडते. मग त्यालाही कळत नाही आपलं चुकलं कुठे. सुरुवातीला रोज चार-पाच पॅड लागतात, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांसाठी ६० हाताशी ठेवा. पॅडच्या आत ओल शोषणारे दाणे असतात, त्यामुळे पावसाळ्यात पाकीट उघडं टाकू नका. पॅडचे कोपरे धरून ठेवणारा ट्रे, साधारण चार फूट बाय चार फुटांचं जाळीचं घडीचं कुंपण, सहा फुटी हलका पट्टा आणि एन्झाइम असलेला (शूचा वास मुळातून मोडणारा) क्लीनर एवढं आणलं की झालं.

घरातली पायपुसणी, सतरंज्या, चटया महिनाभर गुंडाळून ठेवा. कुत्रं जागा ओळखतं ती बरीचशी पायाला काय लागतं यावरून. मऊ, ओल शोषणारं काहीतरी पायाखाली आलं की त्याला पॅड आणि पायपुसणं सारखंच वाटतं. जमिनीवर पेपर पसरून वाचायची सवय असेल तर तीही तेवढे दिवस सोडा.

पॅडची जागा एकदा ठरली की ती हलता कामा नये. त्यामुळे कुणाला खटकणार नाही अशीच जागा निवडा. देवघरासमोर किंवा स्वयंपाकघराच्या वाटेवर ठेवलेला पॅड घरातलं कुणीतरी रोज सरकवणारच. जेवणाच्या भांड्यापासून आणि अंथरुणापासून तीन-चार फूट लांब, वॉशिंग मशीनच्या खडखडाटापासून दूर, एका भिंतीला लागून ठेवा. गॅलरीत ठेवायचा असेल तर पावसाचे शिंतोडे येतात का ते बघा. आधीच ओला झालेला पॅड कुत्रं टाळतं.

पहिला आठवडा

कुंपणाच्या एका कोपऱ्यात अंथरूण आणि पाणी ठेवा. बाकीची सगळी जमीन पॅडने झाका. काही विचार न करता केलं तरी पॅडवरच पडेल, एवढाच हेतू. तीन-चार दिवसांत कुत्रं एक कोपरा धरतं. मग अंथरुणाजवळचा पॅड काढा, दोन दिवसांनी आणखी एक. चूक झाली तर काढलेला पॅड परत घाला आणि तीन दिवस थांबा. शेवटी एकच पॅड उरला पाहिजे.

यासोबत ठरलेल्या वेळा पाळा. झोपेतून उठल्या उठल्या, जेवल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी त्याला पॅडवर न्यायचंच. मधल्या वेळेचा ढोबळ हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. पण ही कमाल मर्यादा आहे, शिकवताना त्याच्या निम्म्या वेळेला न्या. मोठ्या कुत्र्यालाही पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी न्या. जेवण दिवसभर भांड्यात ठेवू नका. दोन किंवा तीन ठरलेल्या वेळी द्या आणि पंधरा मिनिटांत उचला, म्हणजे शीची वेळही ठरते. पाणी मात्र तोडू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

नेताना उचलून नेऊ नका. पट्टा लावून चालवत न्या, कारण उचलून नेलेल्याला वाट कळत नाही. पॅडवर पट्टा आखूड धरून पाच मिनिटं गप्प उभे राहा. खेळायचं नाही, बोलायचं नाही. हुंगून गोल फिरायला लागलं की ठरलेला शब्द एकदाच, हळू म्हणा. शब्द कुठलाही चालेल, पण घरभर एकच हवा. आजी 'शू कर' म्हणणार आणि पोरं 'गो, गो' म्हणणार, तर कुत्र्याला दोन्ही कळत नाहीत.

झालं की लगेच बक्षीस. 'लगेच' म्हणजे दोन सेकंदांत, पॅडवरच. फ्रिज उघडून आणेपर्यंत कुत्रं पॅडवरून उतरलेलं असतं आणि त्याला वाटतं खाऊ उतरण्याचा मिळाला. म्हणून डबी पॅडजवळच्या कपाटावर ठेवा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, बिनमिठाचा उकडलेला चिकनचा तुकडा पुरतो, आणि हा खाऊ दिवसात दुसऱ्या कशासाठीही द्यायचा नाही. मात्र त्याचं बसणं पुरतं संपू द्या. मध्येच खाऊ दाखवला की ते अर्धवट सोडून उठतं आणि उरलेलं दहा मिनिटांनी हॉलमध्ये करतं.

पाच मिनिटांत काहीच केलं नाही, तर मोकळं सोडू नका. बहुतेक घरांत गाडी इथेच रुळावरून घसरते. पॅडवर काही केलं नाही, कंटाळून सोडलं आणि दोन मिनिटांत त्याने खुर्चीखाली केलं. मग घरचे म्हणतात मुद्दाम केलं. त्याऐवजी मांडीवर, क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) किंवा पट्टा कमरेला बांधून जवळ ठेवा आणि पंधरा मिनिटांनी परत पॅडवर न्या. लागल्यास चार वेळा. हे अवघड वाटतं, पण तीन-चार दिवसच लागतं.

चूक झाली तर

करताना सापडलं तर टाळी वाजवून थांबवा, पॅडवर न्या, उरलेलं तिथे झालं तर खाऊ द्या. नंतर दिसलं तर गुपचूप पुसा. नाक घासणं, पेपरची सुरळी मारणं, ओरडणं यातून कुत्रं 'इथे करू नये' असं शिकत नाही, 'माणसासमोर करू नये' असं शिकतं. मग ते तुमच्यासमोर पॅडवरही करत नाही, पाठ फिरली की पलंगाखाली जातं. असं आधीच घडलेलं असेल तर पाच फूट लांब, तिरके उभे राहा, टक लावून बघू नका.

पुसताना कपडा दाबून ओल टिपा, मग क्लीनर टाकून पंधरा मिनिटं राहू द्या. फिनेलचा वास माणसाला पुरतो, कुत्र्याला त्याच्याखालचा शूचा वास येतच राहतो. काळं फिनेल तर वापरूच नका, पंजे चाटताना पोटात जातं. शूवर ब्लीच ओतू नका, शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन साध्या टाइल्सवर चालतं, पण जुन्या घरांतली शहाबादी किंवा कोटा फरशी आणि संगमरवर हे चुनखडीचे दगड, व्हिनेगरने त्यांचा तुळतुळीतपणा जातो. तिथे एन्झाइमवालाच क्लीनर.

नेहमीच्या अडचणी

शू पॅडवर, शी बाहेर: बऱ्याच कुत्र्यांना दोन्ही एका जागी नको असतं. दुसरा पॅड तीन फुटांवर टाका. एकदा शू झालेल्या पॅडवर परत पाय न ठेवणारीही असतात, त्यांचा पॅड प्रत्येक वेळी बदला. उलट, नवा पॅड ओळखतच नसेल तर जुन्याचा रुपयाएवढा ओला तुकडा नव्याखाली सरकवा.

पाय वर करणारा नर: एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली पॅडमध्ये गुंडाळून मधोमध उभी करा आणि मागच्या भिंतीला एक पॅड चिकटवा. खुणेसाठी जागोजागी शिंपडत असेल तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याने बऱ्याच नरांचं शिंपडणं कमी होतं, पण जुनी सवय आपोआप जात नाही.

पॅड फाडणारं पिल्लू: वर जाळी असलेला ट्रे घ्या, चघळायला दुसरं खेळणं द्या. आतले दाणे पोटात गेले, त्यात उलटी किंवा पोट फुगलेलं दिसलं तर लगेच डॉक्टर.

रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शातलं काही देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याला घातक आहे, आणि तिखट-तेलाने पोट बिघडलं की आठवडाभराची शिस्त एका रात्रीत जाते. दुधानेही अनेकांना जुलाब होतात. गणपतीची मिरवणूक आणि दिवाळीचे फटाके यांतही सवय मोडते. ते दिवस त्याला आतल्या खोलीत, पॅडसह ठेवा.

मोकळीक आणि पुढे

सलग चौदा दिवस एकही चूक झाली नाही की एक खोली मोकळी करा, तीही नजरेसमोर. आणखी आठवडा गेला की दुसरी. एका खोलीत चूक झाली तर एक पायरी मागे या. पॅड गॅलरीकडे न्यायचा असेल तर रोज एक वीत सरकवा, त्याहून जास्त नाही. दहा फुटांना साधारण दोन आठवडे लागतात. घाई केली तर कुत्रं जुन्या जागीच फरशीवर करतं.

वापरलेल्या पॅडवरची शी संडासात टाका, पॅड कधीही नाही, पाणी पिऊन फुगतो आणि पाइप तुंबतो. ओली बाजू आत घेऊन गुंडाळा, जुन्या पेपरात बांधा आणि घंटागाडीत ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या.