बेळगावहून पुण्याला घरची गाडी घेऊन जाताना: पेट्रोल आणि थांबे कसे ठरवायचे?

लांबच्या प्रवासाची आखणी म्हटले की बहुतेकांच्या घरी पहिला प्रश्न येतो, 'पेट्रोल कुठे टाकायचे?' मी हा प्रश्न शेवटी घेतो. बेळगाव ते पुणे सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पाच माणसे, डिकी भरून सामान आणि एसी चालू असेल तर आमची गाडी हायवेला लिटरमागे १५ किलोमीटर देते. म्हणजे २३-२४ लिटर लागणार. टाकी ३७ लिटरची. एकदा काठोकाठ भरली की गाडी वाटेत काही मागत नाही, मागतात ती आत बसलेली माणसे. म्हणून आधी माणसांचे थांबे ठरवायचे आणि पेट्रोल त्यातल्या एखाद्या थांब्यात बसवायचे.

आधी गाडीतली माणसे मोजा

गाडीत सगळ्यात लवकर थांबावे लागणारा माणूस कोण, ते बघा. आमच्याकडे ते अप्पा. वय ७४, मधुमेह, बीपीची गोळी सकाळी घेतलेली. दीड तासाच्या वर त्यांना बसवत नाही, आणि 'थांबव' म्हणायचा त्यांना संकोच. विचारले की म्हणतात, "चालू दे की, काय घाई नाही." याचा अर्थ घाई आहे, हे कळायला मला तीन प्रवास लागले. आता मी विचारतच नाही. सव्वा-दीड तास झाला की गाडी आपोआप बाजूला.

त्यानंतर पोरे. सहा-सात वर्षांचे मूल दोन तास शांत बसले तर ते झोपलेले असते. आणि मग गाडी चालवणारा. दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटे स्टिअरिंग सोडायचे, हा नियम चालवणाऱ्याने स्वतःला लावून घ्यावा. 'मला काही होत नाही' असे म्हणणाऱ्याने तर जास्तच.

या तिघांत ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तोच तुमच्या दोन थांब्यांतला वेळ. हिशोब किलोमीटरमध्ये करू नका, मिनिटांत करा. बेळगाव ते निपाणीचे ७५ किलोमीटर पहाटे सव्वा तासात होतात. तेवढेच अंतर कोल्हापूरच्या पुढे, कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कामातली वळणे घेत, भर दुपारी कापायचे तर वेगळा हिशोब लागतो.

मग कागदावर लिहा

मोबाइलचा नकाशा चालू असतोच, तरी मी एक कागद डॅशबोर्डला चिकटवतो. मागच्या खेपेचा अजून डिकीत आहे:

पहाटे ५.३० – घर सोडणे
६.४५ – निपाणी, १० मिनिटे, बाथरूम
८.१० – पेठ नाका, ४० मिनिटे, नाश्ता, अप्पांची गोळी
१०.१५ – सातारा बायपास, २० मिनिटे, चहा
११.३० – शिरवळ, १० मिनिटे
१२.४५ – पुणे

वेळा पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे होतात, होऊ द्या. कागदाचा खरा उपयोग वेगळा आहे. मागच्या सीटवरून 'किती राहिले?' असा प्रश्न आला की पोरगी स्वतः वाचते आणि सांगते, "आजी, अजून एक थांबा." आईचा जीव तेवढ्याने खाली बसतो.

दोन थांबे मुद्दाम असे का, ते सांगतो. नाश्ता कोल्हापुरात घेत नाही. शहराच्या तोंडाशी उतरा, वळा, परत हायवेला लागा, यात अर्धा तास जातो. आणि सकाळी सकाळी कट मारलेली मिसळ खाऊन पुढचे अडीचशे किलोमीटर गाडीत बसणे हा पराक्रम ज्याला करायचा त्याने करावा. आम्ही पेठ नाक्याच्या आसपास इडली किंवा पोह्यावर भागवतो. आणि शिरवळचा थांबा कितीही कंटाळा आला तरी चुकवत नाही. साताऱ्यापासून पुण्याचे ११० किलोमीटर कागदावर दीड तासाचे दिसतात, पण खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका आणि पुण्याच्या तोंडाशी तुंबलेली वाहने मिळून ते कधी अडीच तासांवर जातात, सांगता येत नाही. कात्रजच्या बोगद्याआधी गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असताना मागून बारीक आवाजात "बाथरूम…" येते, तेव्हा काही करता येत नाही.

पंप निवडायची खरी परीक्षा

आपण पंप निवडतो तो कंपनी बघून. माझी बायको निवडते तो दाराची कडी बघून. पंपावर गाडी लागली की मी टाकीचे झाकण उघडत नाही. ती आधी उतरून मागच्या बाजूला जाते आणि तीन गोष्टी बघते: नळाला पाणी आहे का, आत दिवा लागतो का, कडी लागते का. तिने हात वर केला की मगच मी पेट्रोल सांगतो. एका ठिकाणी चकाचक नव्या पंपावर बाथरूमला कुलूप होते आणि किल्ली 'मालकांकडे' होती. आम्ही गाडी तशीच पुढे काढली. पेट्रोल भरून झाल्यावर विचारले तर किल्ली कोण शोधतो?

हे काही उपकार म्हणून मागायचे नाही. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, फुकट हवा आणि प्रथमोपचाराची पेटी या सोयी पंपावर असायलाच हव्यात.

दुसरी गोष्ट, पंप आपल्या हाताला, डावीकडेच हवा. चौपदरी रस्त्याला मध्ये दुभाजक असतो. नकाशात ४०० मीटरवर दिसणारा पंप पलीकडच्या बाजूला असेल तर पुढे जाऊन पुलाखालून वळून यावे लागते. कागदावर पंप लिहिताना 'जाताना डावीकडे' अशी खूण करून ठेवा, परतीचे वेगळे लिहा.

पेट्रोल: किती, कधी, कुठे

निघायच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवा. पहाटे साडेपाचला पंपावर रांगेत उभे राहून दिवसाची सुरुवात करायची नाही. सकाळच्या गारव्यात जास्त पेट्रोल मिळते, असे सांगणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. साठा जमिनीखालच्या टाकीत असतो, तिथे सकाळ-दुपारचा फरक नगण्य. नळी आपोआप बंद झाली की तिथेच थांबवा. 'राउंड फिगर' करायला वरून ढोसलेले पेट्रोल वाफ साठवणाऱ्या डब्यात जाते आणि तो खराब होतो.

काटा पाव टाकीवर आला की पुढच्या ठरलेल्या थांब्यावर भरायचे, लाल दिव्याची वाट बघायची नाही. पेट्रोल गाडीत पंपाची मोटर टाकीतच, पेट्रोलात बुडालेली असते आणि त्यानेच ती थंड राहते. सतत तळाशी चालवली की ती तापते.

पुण्यात दोन दिवस फिरून परत निघताना टाकीत सहा-सात लिटरच उरतात. म्हणजे खरी भर पुण्यात घालायची, आणि तीही निघायच्या आदल्या रात्री.

हे न केल्याचा अनुभव सांगतो. गणपतीनंतर पुण्याहून परत येत होतो. काटा खाली आलेला. तेव्हा कर्नाटकात लिटरमागे दोनेक रुपये स्वस्त होते, म्हणून ठरवले की कोगनोळीची सीमा ओलांडल्यावर भरू. कागलच्या अलीकडे वाहतूक ठप्प. एसी बंद केला, काचा खाली. लाल दिवा लागला. उजवीकडे, दुभाजकापलीकडे एक पंप झगमगत होता. अप्पांची जेवणाची वेळ टळून गेलेली, हाताला कंप सुटलेला. पोरीच्या डब्यातली दोन बिस्किटे आणि राजगिऱ्याचा लाडू देऊन वेळ निभावली. तीस लिटरला किती वाचले असते? साठ रुपये. सीमेवर स्वस्ताई शोधायची ती टाकी अर्धी असताना. आणि दर आधी बघून घ्या. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवला तेव्हापासून जुना ठोकताळा चालत नाही.

पंपावर मीटरचा शून्य बघायचा, हे सांगायला नको. आपल्या भागातला पोरगा स्वतःच "झिरो नोड्री" किंवा "झिरो बघा" म्हणतो, तेव्हा मान वळवून खरोखर बघा. माप कमी वाटले तर ५ लिटरच्या मापाने तपासून मागता येते.

सीएनजीवाल्यांचे गणित निराळे. टाकीत आठ-नऊ किलो मावते, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. तुमचा थांबा माणसांआधी गॅस ठरवणार. भरताना सगळ्यांना खाली उतरावे लागते, रांगही असते. ती रांग आणि चहा एकाच थांब्यात बसवा, आणि पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नका.

हवा, टोल आणि बाकीचे

टायरची हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे घराजवळच. गाडी भरलेली असताना हवेचा आकडा जास्त असतो. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. हवावाल्याला "पस्तीस मारा" म्हणण्याआधी तो वाचा.

हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, असे सहा टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या दिवशी बघा. टॅग चालला नाही तर जास्त पैसे मोजावे लागतात. वर्षातून अनेकदा जाणे होत असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या वार्षिक पासचा विचार करा. सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या आणि एक नाका म्हणजे एक फेरी. जाऊन-येऊन बारा. बाकी हिशोब तुमचा.

हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन आकडे त्याच कागदावर.

रस्ता बदलला तर

गोव्याला चोर्ला घाटातून जायचे असेल तर टाकी बेळगावातच भरा; जांबोटी, कणकुंबी सोडल्यावर जंगल आणि वळणे, मोबाइलची रेंजही येऊन-जाऊन. नकाशा आधी उतरवून ठेवा. उलटी होणाऱ्या पोराला घाटाआधी पोटभर खायला घालू नका आणि हातात मोबाइल देऊ नका, समोर रस्त्याकडे बघू दे. येताना पेट्रोल गोव्यात भरा, तिकडे ते सहसा स्वस्त असते.

पंढरपूरला चिक्कोडी, कागवाड, मिरज असे जाणाऱ्यांनी मिरजेपर्यंतचा टप्पा उजेडात उरकावा. ऊस तोडणीच्या दिवसांत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, अंधारात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि मागे एकही दिवा नसतो. अचानक समोर उसाची भिंत येते. शिवाय आडगावचे पंप रात्री लवकर बंद होतात. मिरजेच्या पुढे रत्नागिरी-नागपूर हायवे लागला की सुटलात.

जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी पाण्याची बातमी बघा. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी हायवेवर आले आणि रस्ता बंद झाला. अशा दिवसांत टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण अडकलात तर कुठे आणि किती वेळ, कोण सांगणार?

झोप

पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार, या वेळांत डोळा हमखास जड होतो. गेले पाच किलोमीटर कसे आले ते आठवत नसेल, तर काच खाली करून आणि गाणी मोठ्याने लावून भागत नाही. उजेड असलेल्या पंपावर किंवा धाब्याच्या आवारात गाडी घ्या, चहा किंवा कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटे डोळे मिटा. चहा-कॉफीचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो. रस्त्याच्या कडेला, उभ्या ट्रकच्या मागे तर अजिबात थांबायचे नाही.

परतीला हे जास्त सांभाळावे लागते, कारण जाताना उत्साह असतो आणि येताना फक्त घर दिसत असते. आम्ही पुण्याहून सकाळी निघतो, कराडला जेवतो, जेवल्यावर अर्धा तास सगळे हातपाय मोकळे करतो. निपाणीच्या पुढचा तवंदी घाट अंधाराआधी ओलांडायचा. निपाणीला चहा घेतला की घर सव्वा तासावर, आणि 'आलेच की आता' म्हणून माझे डोळे नेमके तिथेच मिटायला लागतात. म्हणून निपाणीपासून गाडी बायको चालवते. मी मागे बसतो आणि संकेश्वर यायच्या आत घोरायला लागतो, असे पोरगी सांगते.