घरच्या बैठकीत लिहिलेली सोडचिठ्ठी आणि कौटुंबिक कायदा : या चुका टाळा

नवरा-बायकोचे बिनसले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, स्टॅम्पपेपरवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी कोणताही संबंध राहिलेला नाही’ असे लिहून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि प्रकरण मिटले असे समजतात. नाशिक शहरात काय किंवा निफाड-सिन्नरच्या गावांत काय, सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार झालेला विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. कलम २९ ने रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा ठेवली आहे हे खरे. परंतु तशी रूढी समाजात पूर्वापार चालत आली आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि ते सहसा जमत नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास ते रद्दबातल ठरते, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जिला यातले काहीच ठाऊक नव्हते, त्या दुसऱ्या स्त्रीचीही फरफट होते. कितीही वर्षे वेगळे राहिले तरी घटस्फोट आपोआप होत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

दोघांची संमती असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब चा रस्ता सरळ आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर संयुक्त अर्ज करावा आणि त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी न्यायालयासमोर संमती द्यावी. योग्य प्रकरणी सहा महिन्यांची ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. लग्न जळगावला झाले म्हणून तिकडेच खेटे घालावे लागतील, ही समजूतही चुकीची आहे, कारण माहेरी नाशिकला राहणारी पत्नी नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करू शकते.

पोटगीचा अर्ज ‘आधी समेटाचे पाहू’ म्हणून लांबवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, त्यामुळे दवडलेले महिने सहसा हातचे जातात. त्याच निर्णयानुसार दोघांनाही मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात उत्पन्न दडवणाऱ्याला बँकेचे उतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्र उघडे पाडतात. ‘मुलाचा खर्च मागणार नाही’ असे आईने लिहून दिले असले, तरी त्याने मुलाचा हक्क बुडत नाही.

शेवटचा मुद्दा हक्कसोडपत्राचा, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून देणाऱ्या दस्ताचा. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हिस्सा दिला आहे. तरीही वारसनोंदीच्या वेळी ‘फक्त सह्या हव्यात’ म्हणून बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जाते. द्राक्षबागेच्या जमिनीचे आजचे मोल पाहता, सही करण्यापूर्वी गट क्रमांक, क्षेत्र आणि मोबदल्याचा मजकूर स्वतः वाचावा. दस्त नोंदवला गेल्यावर तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दडपण सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्या बहिणीवरच येतो.