नडगीवरचे तांबूस ठिपके: या चुका टाळा

दोन्ही नडग्यांवर लाल तिखट भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके, आणि त्यांच्याखाली गंजासारखा तांबूस-पिवळट डाग. पिगमेंटेड पर्प्युरिक डर्मटोसिसचं (केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी त्वचेत झिरपून डाग पडणाऱ्या विकाराचं) हे रूप त्वचारोगतज्ज्ञ शाम्बर्ग यांनी 1901 मध्ये वर्णन केलं. तरीही त्याच्या बायोप्सीच्या काचा (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पट्ट्या) माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टकडे भलत्याच निदानाने येत राहतात.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे रक्तवाहिनीबाहेर तांबड्या पेशी दिसल्या की ‘व्हॅस्क्युलायटिस’ (वाहिनीच्या भिंतीचा दाह) लिहून मोकळं होणं. पन्नाशीच्या एका गृहस्थांची काच दुसऱ्या मतासाठी आली होती. सहा महिन्यांचे ठिपके, हाताला न लागणारे. सांधे दुखत नव्हते, लघवीची तपासणी स्वच्छ. बायोप्सीच्या फॉर्मवर ‘व्हॅस्क्युलायटिस?’ होतं, रिपोर्टात फक्त प्रश्नचिन्ह गळलं. दोन महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड झालं. साखर वाढली, ठिपके तसेच राहिले.

काचेवर काय होतं? वरच्या डर्मिसमध्ये (त्वचेच्या आतल्या थरात) वाहिन्यांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, किंचित सुजलेलं एंडोथेलियम (वाहिनीचं आतलं अस्तर), सांडलेल्या तांबड्या पेशी. वाहिन्यांच्या भिंतीत फिब्रिन (रक्त गोठवणारं प्रथिन) नाही, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा चुरा नाही; भिंत नासल्याच्या या खुणा. पर्ल्स या लोह दाखवणाऱ्या रंगाने रंगवल्यावर मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींमधलं लोह निळं उमटलं. भिंत शाबूत असताना व्हॅस्क्युलायटिस म्हणायचं कशाच्या जोरावर? तेव्हापासून मी आधी काच बघते, फॉर्म नंतर वाचते. नवशिक्यांना याचा कंटाळा येतो, पण ही दोन मिनिटं वाचवून रुग्णाला स्टेरॉइड खायला लावणं मला मान्य नाही.

पर्ल्सवरही आंधळा विश्वास नको. डाग अगदी ताजा असेल तर लोह साठलेलंच नसतं. उलट घोट्याजवळच्या स्टेसिसमध्ये (शिरांत रक्त साचून राहण्यात) ते भरपूर आणि खोलवर दिसतं, सोबत जाड भिंतींच्या केशवाहिन्यांचे झुबके असतात. म्हणून बायोप्सी शक्यतो घोट्यापासून वर घ्या.

याच विकाराच्या माजोक्की प्रकारात डाग कडीसारखे दिसतात; त्या कडीला गजकर्ण समजून मलम लावत बसू नका; काचपट्टी दाबा, पर्प्युरा (त्वचेत सांडलेल्या रक्ताचा डाग) फिका पडत नाही. प्लेटलेट मोजल्याशिवाय आणि औषधांची यादी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेशींचा दाट पट्टा दिसला म्हणून लगेच लायकन प्लॅनस (हा वेगळा त्वचारोग) म्हणू नका, पर्प्युरिक डर्मटोसिसच्या गुझरो-ब्लूम प्रकारातही तो असतो. लायकन ऑरियस या आणखी एका प्रकारात या पट्ट्यावर बहुधा मोकळी चिंचोळी जागा राहते, आणि अंगावर बहुतेकदा सोनेरी रंगाचा एकच डाग असतो.

खरी भीती मायकोसिस फंगॉइड्सची, म्हणजे त्वचेतल्या टी-पेशींच्या (लिम्फोसाइटच्या एका प्रकाराच्या) कर्करोगाची. तोही असेच ठिपके घेऊन येऊ शकतो. डाग धडावर पसरलेले, वर्षानुवर्षं टिकलेले असतील, किंवा वेड्यावाकड्या केंद्रकांचे लिम्फोसाइट एपिडर्मिसच्या (त्वचेच्या बाहेरच्या थराच्या) तळाशी रांगेत बसलेले दिसले, तर एका बायोप्सीवर थांबू नका. टी-पेशींचा क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला समूह) सापडला की निदान झालं असं मानणारे उतावळे मी बरेच पाहिलेत. क्लोन साध्या पर्प्युरिक डर्मटोसिसमध्येही सापडतो. अशा रिपोर्टाखाली मी हमखास लिहिते, ‘डाग टिकले किंवा पसरले तर दुसऱ्या जागेची बायोप्सी पाठवा, आणि ही काच सोबत परत पाठवा.’