गाडीला झटके न देता क्लच सोडायला कसं शिकावं?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. आपला पाय चुकला की ते गुपचूप सांभाळून घेतात. म्हणूनच लायसन्स मिळालेली माणसं घरची गाडी सोसायटीच्या गेटवर बंद पाडतात. त्यांना गिअर टाकता येत असतात, पण क्लच नेमका कुठे पकडतो हे डाव्या पायाला कळलेलं नसतं.

सपाट, मोकळं मैदान शोधा आणि गाडी चांगली येणाऱ्या, लायसन्सवाल्या माणसाला शेजारी बसवा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील.

आता एक्सलरेटरला पायच लावायचा नाही. क्लच आणि ब्रेक दाबून पहिला गिअर टाका, हँडब्रेक खाली करा, ब्रेकवरचा पाय काढा आणि क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, गाडी बारीक थरथरते. तिथे क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीला, घासत पकड घेऊ लागते. पाय तिथेच थांबवा. इथवर बहुतेकांना जमतं, पण गाडी हलली की हायसं वाटून ते पाय झटकन उचलतात आणि तेव्हाच गचका बसतो किंवा इंजिन बंद पडतं. गाडी सरकू लागल्यावरही दोनेक सेकंद पाय तसाच धरा, इंजिन आणि चाकांचा वेग जुळू द्या, मग उरलेला क्लच सोडा. सपाटीवर बऱ्याच गाड्या अशा रेस न देताही चालू लागतात. हे न चुकता जमेपर्यंत रस्त्यावर जाऊ नका.

वरचे गिअर त्यामानाने सोपे. साधारण 15 च्या वेगाला दुसरा, 30 ला तिसरा, 45 च्या आसपास चौथा. पुढे काट्यापेक्षा इंजिनच्या आवाजावर भरवसा ठेवा. खालचा गिअर टाकताना मात्र क्लच सोडण्याआधी किंचित रेस द्या, म्हणजे मागच्या सीटवरच्या आजींची मान हलणार नाही.

चढावर हँडब्रेक ओढूनच थांबा. निघताना थोडी रेस देत क्लच पकडीच्या जागी आणा, बॉनेट जरासं उचललं की हँडब्रेक सोडा. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरू नका. जळका वास येतो तो घासल्या जाणाऱ्या प्लेटचा.

खंबाटकीसारखा घाट उतरताना, तोच घाट चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं धोक्याचं आहे: सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात. शिवाय त्यात बचतही नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला की इंजिनला जाणारं इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.