सातच्या जेवणासाठी पहाटे चारचा कोळसा

जेवण संध्याकाळी सातला असेल तर यादी सातपासून मागे लिहीत यायची. पोर्कचा खांदा, बरगड्या आणि लॉइन (पाठीचा कमी चरबीचा तुकडा) तिन्ही ११०-१२० अंश सेल्सियसवर एकाच स्मोकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या मंद आचेवर आणि धुरात मांस शिजवणाऱ्या बंद भट्टीत होतात, पण खांद्याला बारा तास लागतात आणि लॉइनला दोन-अडीच. त्यातही खांदा वाट बघू शकतो, लॉइन अजिबात नाही. माझं सगळं वेळापत्रक याच एका गोष्टीवर उभं असतं.

आदल्या संध्याकाळी रिकाम्या, थंड जाळीवर तिन्हींच्या मापाची ताटं ठेवून जागा पुरते का ते बघा. सकाळी झाकण उघडं टाकून बरगड्या कापत बसण्याची पाळी माझ्यावर आलेली आहे. थर्मामीटरची सुई बर्फाच्या पाण्यात बुडवा. शून्य दाखवायला हवं. बरगड्यांच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा तेव्हाच काढून टाका: चमच्याच्या दांड्याने एक कोपरा उचकटायचा आणि कागदी रुमालाने घट्ट धरून ओढायचा. नुसती बोटं सटकतात. खांद्याला मीठमसाला चोळून फ्रिजमध्ये ठेवा. कोळसा लागेल वाटतो त्याहून जास्त घ्या.

साडेतीन किलोचा खांदा पहाटे चारला आत गेला पाहिजे. त्याआधी दाट पांढरा धूर जाऊन निळसर, विरळ धूर येऊ द्या, नाहीतर मांस कडवट होतं. मग साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आतलं तापमान अडून बसतं. मांसातून पाणी सुटून वाफ होते आणि तीच वाफ मांसाला गार ठेवते. पहिल्यांदा माझा आकडा ६८ वर दोन तास हलला नाही, तेव्हा थर्मामीटर बिघडला असं समजून मी तो तीनदा टोचला आणि वर कोळसा वाढवून बाहेरचा थर करपवला. अशा वेळी आच वाढवू नका. बाहेर गडद थर बसला असेल तर तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा.

बरगड्या साडेबाराला. थंड मांस आत जाताच आच उतरते, म्हणून निखारे आधीच तयार हवेत.

चारच्या सुमारास खांदा ९५ अंशांवर येतो. आकड्यापेक्षा सुई लोण्यात शिरावी तशी आत जाते का ते बघा. गुंडाळलेला तसाच टॉवेलमध्ये बांधून बंद कूलबॉक्समध्ये ठेवला की तीन तास गरम राहतो. आतलं तापमान ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. खांद्याला उशीर झालाच तर हे तीन तास कामी येतात.

त्याची जागा रिकामी झाली की सव्वाचारला दीड किलोचं लॉइन ठेवा, पण बरगड्यांच्या वर नको, कच्चा रस त्यांच्यावर टपकतो. साडेपाचपासून त्याच्यावरची नजर हटवू नका. ६३ अंशांना बाहेर काढून दहा मिनिटं तसंच राहू द्या. ७० च्या पुढे गेलं की भुसा. सहाच्या आसपास बरगड्या चिमट्याने मध्ये उचला. दोन्ही टोकं झुकून वरचा भाग तडकला की झाल्या.

पावणेसातला खांद्याचं पुडकं खोलगट परातीत उघडा. हाड हाताने ओढून काढा, तंतू सोडवा, आणि फॉइलमधल्या रसावरची चरबी बाजूला काढून तो रस परत मांसात कालवा.