एअरब्रशने ठिपके मारताना रंगाला पाय फुटू नयेत म्हणून

मेसरश्मिट १०९ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या मॉडेलवर एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने, बाजूचे धूसर ठिपके मारताना रंग शिंतडतो, नाहीतर ठिपक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात.

१. रंग दुधापेक्षा थोडा पातळ करा, हवेचा दाब १० ते १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाब मोजण्याचं एकक) आणा. पातळ रंगाला जास्त दाब दिला की पाय फुटलेच म्हणून समजा.
२. नोझल एक-दीड सेंटिमीटरवर धरा.
३. आधी नुसती हवा सोडा, मग ट्रिगर केसभर मागे ओढून हात बारीक गोल फिरवा. रंग बंद केल्यावरच हवा थांबवा. पहिल्या फेरीत ठिपका जेमतेम दिसावा. गडदपणा दोन-तीन फेऱ्यांत येऊ द्या, तोच खरा देखणा दिसतो.

एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंग वाळतो. थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसा आणि दरवेळी आधी कागदावर फवारून बघा.